गिरणीच्या वाटेने आलेली माणसे



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. आपल्यापैकी जे त्यांचे विद्यार्थी आहेत त्यांना गुरुजींची एक सवय आठवत असेल. वर्गात नवा मुलगा आला की ते त्याला आधी विचारीत, "तुमचं घर मूळचं कुठलं रे? आणि इकडे कशानं आलात?" आम्ही मुले उत्तर घरून पाठ करून येत असू. कोणी सांगे, आम्ही साताऱ्याकडचे, शिंद्यांच्या फौजेबरोबर आलो. कोणी सांगे, आमचे पणजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून होते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र एवढेच उत्तर दिले, "मिलमुळे." वर्ग हसला. हसणाऱ्यांत मीही होतो. गुरुजी हसले नाहीत. "बस खाली, उत्तर बरोबर आहे," एवढेच ते म्हणाले. साठाहून अधिक वर्षे लोटली. त्या एका शब्दाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न मी आज आपल्यापुढे करणार आहे.

येथून चार पावलांवर टावर चौकातील घड्याळाचा मनोरा उभा आहे. उज्जैन हे तर काळाचेच नगर. येथील दैवत महाकाल. आपल्या प्राचीन ज्योतिषग्रंथांनी जी मध्यरेषा मानली ती लंकेपासून उज्जयिनीवरून जाते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात येथे वेधशाळा बांधली आणि माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, १९२३ साली, तिचा जीर्णोद्धार झाला. परंतु माझ्या बालपणी आमच्या घरात वेळ सांगण्याचे काम ना वेधशाळा करी, ना हा मनोरा. ते काम गिरणीचा भोंगा करी. माझ्या आजीला घड्याळ कळत नसे. पहिल्या भोंग्याला ती चूल पेटवी आणि दुपारच्या भोंग्याला आम्हांला जेवावयास हाक मारी. ज्यांच्यासाठी तो भोंगा वाजत होता ती माणसे मात्र आमच्या घराच्या गप्पांत कधी आली नाहीत. त्यांचा भोंगा आम्ही घेतला. त्यांची विचारपूस केली नाही. माझ्या आजच्या विषयाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे, असे मला वाटते.

यंत्रयुगातील स्थलांतरिताची कहाणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सातासमुद्रांपलीकडची चित्रे येतात. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात सुमारे एक कोटी वीस लाख माणसे उतरली. त्यांची नावे जहाजांच्या याद्यांत लिहिली गेली. आज त्यांची पणतवंडे त्या याद्या चाळून आपल्या पूर्वजाचे नाव शोधतात आणि ते सापडले की सद्गदित होतात. आपल्याकडे जो माणूस रत्नागिरीहून मुंबईस, खानदेशातून मालव्यात किंवा अवधातून इंदुरास गेला, त्याने कोणतीच सीमा ओलांडली नाही. म्हणून त्याचे नाव कोणी लिहून घेतले नाही. गिरणीतले तिकीट, मनिऑर्डरची पावती आणि खानावळीच्या वहीतील उधारी एवढीच त्याची बखर. राजेरजवाड्यांच्या बखरी आपण जपून ठेवल्या. ही बखर रद्दीत गेली.

या कहाणीचा आरंभ मुंबईत होतो. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी तिचे चाक फिरू लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाच्या भावाने मुंबईत पैसा ओतला आणि पुढे त्या पैशातून धुरांडी उभी राहिली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. इंदुरात तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्याआधीच संस्थानच्या गिरणीचा घाट घातला होता. मालव्यात काळी जमीन होती, कापूस होता आणि व्यापाऱ्यांच्या हाती अफूच्या व्यापारातून साठलेले भांडवल होते. चीनकडे जाणारी अफू १९०७ नंतर आटत गेली तेव्हा या भांडवलाला दुसरी वाट हवी होती आणि ती कापडाच्या धंद्यात सापडली. आपल्या उज्जैनच्या नजरअली, विनोद, हिरा या गिरण्या याच घडामोडींच्या लेकी होत.

भांडवल कोठून आले हे सांगता येते. माणसे कोठून आली, हे सांगणे अवघड आहे. मुंबईपुरते बोलावयाचे तर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या खानेसुमाऱ्या असे दाखवितात की, त्या शहरात राहणाऱ्या दर पाच माणसांपैकी सुमारे चार मुंबईबाहेर जन्मलेली होती. गिरणी कामगारांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. त्याखालोखाल साताऱ्या-पुण्याकडचे घाटावरचे लोक, आणि पुढे उत्तरेकडचेही. म्हणजे ज्या मुंबईला आपण 'मूळची' म्हणतो, ती मुंबई आलेल्या माणसांनीच घडविली.

व्यवसायाने मी भाषेचा माणूस आहे. आकड्यांपेक्षा शब्दांवर माझा भरवसा अधिक. म्हणून या माणसांना आपण कोणती नावे दिली, इकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. कोकणातला माणूस मुंबईस गेला की गावात त्याचे नाव 'चाकरमानी' झाले. गणपतीला, शिमग्याला तो येई, तेव्हा त्याच्या ट्रंकेभोवती वाडी गोळा होई. पण त्या शब्दातच 'हा आता इथला राहिला नाही' हेही नोंदलेले होते. मुंबईत त्याच माणसाला 'कोकण्या' म्हणत. सह्याद्रीवरून उतरून आलेला तो 'घाटी'. अवधाकडचा माणूस महाराष्ट्रात आला तो चक्क 'परदेशी' झाला, आणि पुढे काही घराण्यांचे ते आडनावच होऊन बसले. तो माणूस स्वतः मात्र आपल्या गावाला 'मुलुख' म्हणत राहिला. पिढ्या गेल्या तरी त्याचा मुलुख तिकडेच. आणि आपण? शिंद्यांच्या मागून मालव्यात आलेल्या आम्हां मराठी माणसांना येथील लोक दोनशे वर्षे 'दक्षिणी' म्हणत आले. पुण्यास गेलो की आम्ही 'तिकडचे', आमची मराठी हिंदीच्या वळणाची. स्थलांतरिताला नेहमी दोन नावे मिळतात, आणि त्यांतले एकही घरचे नसते.

या दोन नावांमागे दोन घरे असतात. स्थलांतर म्हणजे एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी बसणे, असे आपण समजतो. गिरणी कामगाराच्या बाबतीत ते कधीच तसे घडले नाही. त्याची बायकामुले, म्हातारी आईबाप, दोन कुणग्यांची शेती गावाकडे. तो शहरात एका खोलीत दहा-वीस गाववाल्यांबरोबर राहणार. खोली गावकीची, वळकट्या भिंतीशी, खुंट्या वाटून घेतलेल्या. गिरणी पाळ्यांनी चाले, म्हणून निजणेही पाळ्यांनी. एकाने अंथरूण सोडले की दुसऱ्याने पाठ टेकावी. पगाराच्या दिवशी खानावळवालीचे पैसे चुकते करावयाचे आणि उरलेले मनिऑर्डरने गावी धाडावयाचे. कोकणातील कितीतरी घरांची कौले, मुलींची लग्ने, सावकाराचे हप्ते या मनिऑर्डरींनी भागविले. शहराने पोरगे वापरले आणि त्याच्या म्हातारपणाचा, आजारपणाचा, बेकारीचा भार गावावर टाकला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गावाकडे निघाले. साथ ओसरल्यावर परत आले. गाव हे त्या माणसाचे माहेर होते, इस्पितळ होते आणि विम्याची पेढीही तेच होते. त्या विम्याचा हप्ता गावाकडच्या बाईने भरला: शेत कसून, म्हातारी माणसे सांभाळून आणि वर्षातून पंधरा दिवस भेटणाऱ्या नवऱ्याची वाट पाहून.

या ओढीला कधी भयंकर किंमतही मोजावी लागली. १७ जुलै १९४७ रोजी, अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी निघालेले चाकरमानी त्यांत होते. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते. त्या आनंदाच्या कोलाहलात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील घरांतला आक्रोश इतिहासाच्या पुस्तकांना ऐकू आला नाही.

एवढे सांगून थांबलो तर चित्र एकांगी होईल. आलेला माणूस बिचारा आणि शहर निष्ठुर, इतकी ही गोष्ट सोपी नाही. स्थलांतरित माणूस एकटा येत नाही. तो कोणाच्या तरी ओळखीने येतो. गाववाला, भावकीतला, जातीतला कोणी मुकादम किंवा जॉबर असतो, तो त्याला बदलीत लावून घेतो. हीच ओळख त्याला तारते, आणि हीच ओळख दुसऱ्यासाठी दार बंद करते. गिरणीतल्या साचेखात्यात पगार चांगला मिळे. पण कांडी संपली की नवी कांडी घालून धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती येणार, म्हणून स्पृश्य विणकरांनी अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात शिरू दिले नाही. सारे एकाच भोंग्याला धावत होते, एकाच मालकाची पिळवणूक सोसत होते, तरीही हे घडले. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठामपणे मांडला. गावाहून येताना माणसाने वळकटीबरोबर काय काय आणले होते, ते या धोट्याने उघडे केले. आलेला माणूस आपल्यानंतर आलेल्याला किंवा आपल्याहून खालचा मानलेल्याला बाहेर ठेवतो, हा स्थलांतराच्या इतिहासातला सर्वांत कडू नियम आहे. यास मुंबई अपवाद नव्हती, न्यूयॉर्क अपवाद नव्हते, आणि उज्जैनही असण्याचे कारण नाही.

या माणसांसाठी प्रथम उभा राहिला तो नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचा हा सत्यशोधक अनुयायी 'दीनबंधु' चालवीत होता. १८८४ मध्ये त्याने गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या आणि १८९० मध्ये आठवड्याची सुटी पदरात पाडून घेतली. आज आपण रविवारी सुखाने दुपारची झोप घेतो. त्या झोपेचे थोडे ऋण लोखंड्यांकडे आहे. १८९७ मध्ये प्लेगच्याच साथीत त्यांचा अंत झाला.

आता माझ्या साहित्याच्या प्रांताकडे वळतो, आणि येथे मला थोडे लाजून बोलावे लागेल. गिरण्या सुरू होऊन पाऊण शतक होईपर्यंत मराठी साहित्याला गिरणी कामगाराचे घर फारसे दिसलेच नाही. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' लिहिली तो मोठा अपवाद. एरवी आमच्या कादंबरीतील तरुण पुण्यास शिकावयास जात होता, विलायतेस जात होता, पण तो परळला कधी उतरला नाही. त्या माणसाचा आवाज मराठीत आला तो तेथूनच उठलेल्या लेखकांच्या तोंडून. वाटेगावचा मुलगा वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस आला, गिरणीत राबला आणि अण्णा भाऊ साठे झाला. गावी राहिलेल्या मैनेवरची त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली, हे आपण जाणतो. पण ती एका स्थलांतरिताचे विरहगीत आहे, हे आपण विसरतो. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातील त्याच नावाच्या कथेत कामासाठी परगावी गेलेला तरुण आपली जात लपवितो. नवे शहर आपल्याला नवा माणूस करील ही त्याची आशा फोल ठरते. मघाच्या धोट्याची गोष्ट ध्यानात ठेवून ही कथा वाचावी.

आणि नारायण सुर्वे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने आणि त्याच्या पत्नीने एक टाकलेले मूल उचलून वाढविले. पुढे गिरणीतून निवृत्त झाल्यावर ते दांपत्य कोकणात परतले. जाताना पोराच्या हातावर दहा रुपये ठेवले, आणि कोवळ्या वयाचा नारायण मुंबईत एकटा राहिला. मला या प्रसंगाचा राग पूर्वी येत असे. आता येत नाही. आयुष्यभर गिरणीत राबलेल्या माणसाजवळ म्हातारपणी शहरात राहण्याइतकेही काही नव्हते. शहराने त्याला परत पाठविले, आणि ज्या मुलाला 'गाव' नव्हते ते मूल शहरातच उरले. त्या मुलाने १९६२ मध्ये 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि १९६६ मध्ये 'माझे विद्यापीठ' हे संग्रह दिले. मराठी कवितेत शहर हेच ज्याचे एकमेव गाव आहे, असा माणूस त्याच्यामुळे प्रथम ताठ मानेने उभा राहिला.

आपल्या उज्जैनकडे येताना मला गजानन माधव मुक्तिबोधांचे स्मरण होते. खानदेशातून ग्वाल्हेर संस्थानात आलेल्या मराठी घराण्यातला हा मुलगा १९१७ मध्ये श्योपूरला जन्मला, उज्जैनच्या गल्ल्यांत वाढला आणि हिंदीचा श्रेष्ठ कवी झाला. त्याचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांत, आणि दोन्ही भाषांना त्यांचा अभिमान. मुक्तिबोध आमचे, हे आपण अभिमानाने सांगतो. येथेच मला गुरुजींचा तो प्रश्न पुन्हा ऐकू येतो. शिंद्यांबरोबर आलेल्या सरदाराचे, कारकुनाचे, शास्त्रीबुवांचे येणे आपण कुळकथेत मानाने लिहिले. कवीचे येणे आपण भूषण मानले. मग 'मिलमुळे' आलेल्याच्या येण्याला आपण का हसलो?

या प्रश्नाचे उत्तर देताना मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. महाविद्यालयात नुकताच शिकवू लागलो होतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना 'माझे गाव' हा निबंध दिला. एका मुलाचे वडील बऱ्हाणपूरकडून येऊन गिरणीत साच्यावर काम करीत होते. त्या मुलाने नदी, देऊळ, आमराई यांतले काही लिहिले नाही. त्याने गिरणीची चाळ लिहिली, रात्रपाळी लिहिली, भोंग्याच्या आवाजाने जागी होणारी लहान बहीण लिहिली. शेवटी लिहिले होते की, आमचे गाव बाबांच्या बोलण्यात आहे, आम्ही तेथे राहत नाही. मी त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढून समासात 'विषयांतर' असे लिहिले आणि त्याला गुण कमी दिले. त्याच्या मराठीत मिसळलेले हिंदी शब्दही खुडून काढले. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने मराठी विषय सोडला. माझ्या चाळीस वर्षांच्या अध्यापनात इतके विषयाला धरून लिहिलेले वाक्य मला पुन्हा वाचावयास मिळाले नाही. गुरुजींचा विद्यार्थी असूनही मी तेव्हा त्या हसणाऱ्या वर्गातच बसलो होतो.

आणि मग गिरण्याच बंद झाल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला आणि त्याबरोबर एक जगही विरले. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात त्या घरांची जी पडझड दिसते, ती पाहून प्रेक्षक सुन्न होत. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती २०१२ पासून निघू लागल्या, आणि दीड लाखाच्या घरात अर्ज आले. परंतु घर मागावयाचे तर आपण गिरणीत होतो हे आधी सिद्ध करणे आले. तिकीट दाखवा, हजेरीचे कार्ड दाखवा, भविष्यनिर्वाह निधीचा कागद दाखवा. ज्याने तीस वर्षे साचा चालविला त्याचा हात पुरावा ठरला नाही, कागद ठरला. म्हातारीने ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या पिवळ्या तिकिटाला एकाएकी सोन्याचा भाव आला.

मालव्यात निराळे काय घडले? उज्जैनच्या विनोद मिलच्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इंदूरची हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या सुमारे ४८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. तीस वर्षांहून अधिक काळ! तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. विधवांनी आणि मुलांनी पैसे घेतले. उशिरा मिळालेला न्याय म्हणून त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण या तीस वर्षांत त्या घरांनी दिवस कसे काढले, कोणत्या मुलाची शाळा सुटली, हे कोणत्या निकालपत्रात लिहिले आहे?

ही केवळ गेलेल्या काळाची गोष्ट असती तर मी आपला वेळ घेतला नसता. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि रस्ते चालणाऱ्या माणसांनी भरले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्यातील पोलादाच्या कारखान्यात काम करीत होते, आणि त्यांची गावे आपल्या मध्य प्रदेशात, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांत होती. त्यांच्या शिदोरीतील पोळ्या रुळांवर विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. श्रोतेहो, अडीचशे वर्षांपूर्वी ज्या दख्खनेतून आपले पूर्वज मालव्याकडे आले, त्याच दख्खनेतून ती माणसे मध्य प्रदेशाकडे परत येऊ पाहत होती. आपले पूर्वज घोड्यावरून, पालखीतून आले. ती पायी निघाली आणि पोहोचली नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत प्रश्न विचारला गेला की, या काळात किती स्थलांतरित कामगार मरण पावले. सरकारचे उत्तर होते की, अशी नोंद उपलब्ध नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांची नोंद ठेवावी असा कायदा या देशात १९७९ मध्येच झाला होता, हे येथे स्मरावे.

माझे म्हणणे आता थोडक्यात मांडतो. आलेल्या माणसाचे श्रम समाज पहिल्याच दिवशी स्वीकारतो. त्याची नोंद मात्र करीत नाही. ज्याची नोंद नाही त्याचा हक्क नाही. आणि ज्याचा हक्क नाही त्याला, काम संपले की, 'तुझ्या गावी जा' असे सांगणे सोपे जाते. त्याचे गाव तोवर उरलेले असो वा नसो. मुंबईत कालचा 'कोकण्या' आज आलेल्या 'भैया'ला हे सांगतो, तेव्हा त्याला आपल्या आजोबांच्या खुंटीवरच्या वळकटीचा विसर पडलेला असतो. आणि मालव्यातील आपण 'दक्षिणी' लोक मिलच्या चाळीकडे परके म्हणून पाहतो, तेव्हा आपणही तेच करतो. मानाने आलेला आणि पोटासाठी आलेला, असा भेद करू नये. शिंद्यांचा शिलेदारही पोटासाठीच आला होता. त्याच्या कमरेला तलवार होती, इतकेच.

यावर उपाय काय? मी शिक्षक आहे. मला उपाय म्हणून वहीच सुचते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास ऐकून घेतला आणि २००४ मध्ये तो ग्रंथरूपाने आणला. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहावयाचे तेच तेथे बोलते झाले. असे काम उज्जैनसाठी का होऊ नये? या शाळेने एक जाड वही करावी. वरच्या वर्गातील मुलांनी सुटीत मिलच्या चाळीत जावे, आणि जी वृद्ध माणसे अद्याप आपल्यात आहेत त्यांच्यापाशी बसून गुरुजींचे दोनच प्रश्न विचारावेत: घर मूळचे कुठले, आणि इकडे कशाने आलात? माळवीत सांगतील तर माळवीत लिहावे, हिंदीत सांगतील तर हिंदीत, मराठीत सांगतील तर मराठीत. एकही शब्द खुडू नये. समासात तांबड्या शाईने काही लिहू नये. कोणाकडे तिकीट असेल, मनिऑर्डरची पावती असेल, तर तिची प्रत चिकटवावी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज पुणे, मुंबई, बंगळूर किंवा अमेरिकेत आहेत, त्यांनीही त्याच वहीत आपले पान लिहावे. कारण तेही आलेलेच आहेत, आणि त्यांनाही दोन नावे मिळालेली आहेत. वयाच्या या टप्प्यावर मला फार दूरचे दिसत नाही, परंतु इतके कळते की, हे काम दहा वर्षांनी करावयाचे ठरविले तर उत्तर द्यावयास कोणी उरणार नाही.

मघाच्या मागल्या बाकावरच्या मुलाचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही. त्याचे नावही आता आठवत नाही, आणि याची मला खंत आहे. त्याने दिलेले उत्तर मात्र बरोबर होते, असे गुरुजी म्हणाले होते. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, अशी माझी विनंती आहे.